बर्फातली बोरं

हैदराबाद,
पौष शुद्ध १२, शके १८४२

तीर्थरूप ताराअक्काच्या पायी त्रिंबकचा नमस्कार.

संक्रांतीची टोपली पोचली. तिळाच्या वड्या दोन दिवसांत संपल्या. बोरं मात्र मी तुला न विचारता दुसऱ्याच कामाला लावली. कोणाकडून उलटसुलट कळण्यापेक्षा मीच सांगतो.

डॉक्टर नादिरसाहेबांच्या हाताखाली मला आता चौथं वर्ष. औषधं कुटायचं काम सुटलं. हल्ली साहेबांच्या प्रयोगाच्या खोलीत मी जनावरं सांभाळतो. विलायतेहून आणलेली आहेत, गिनीपिग म्हणतात. घुशीएवढी, बिनशेपटाची, गरीब. त्यांना नुसता भरडा आणि आटवलेलं दूध दिलं की तीन आठवड्यांत सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं आणि ती मरतात. तुरुंगातल्या कैद्यांना आणि पलटणीतल्या शिपायांना होतो तोच हा रोग. ताज्या फळांत आणि भाजीत काहीतरी असतं, ते पोटात गेलं नाही की हा होतो. ते काय, हे अजून कोणाला सापडलेलं नाही. साहेबांच्या पुस्तकांत त्याला इंग्रजीतल्या तिसऱ्या अक्षराने ओळखतात.

तुझी बोरं साहेबांनी तोंडात टाकली आणि म्हणाले, "त्रिंबक, ये जंगली है ना?" मी हो म्हटलं. एका आजारी जनावराला रोज एक बोर दिलं, तर आठवडाभरात ते खडखडीत झालं. आता साहेबांना हे बघायचं आहे की बोर ठेवलं तर त्यातली ती गोष्ट किती दिवस टिकते. निम्मी आम्ही उन्हात वाळवणार. निम्मी पत्र्याच्या डब्यात भरून बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या गार पाण्यात सोडणार. चाचणीला सोडलेला एक डबा काल काढून पाहिला. बोरं गारगोटीसारखी झालेली, टेबलावर टाकली तर खट् वाजतात.

अजून दोन टोपल्या लागतील. आसाराम जालन्याला माल घेऊन येईल तेव्हा त्याच्या गाडीत टाकशील का? तिथून रेल्वेने येतील. कलमी नकोत, आपल्या बांधावरचीच पाहिजेत.

तुझा,
त्रिंबक

*

नेकनूर,
पौष वद्य ८

चिरंजीव त्रिंबकला अक्काचा आशीर्वाद.

दोन टोपल्या आसारामकडे दिल्या. तू पाठवलेलं वाचून दाखवलं तर घरात सगळे हसले. बहीण बोरं धाडते आणि भाऊ उंदरांना चारतो. पण तुझा साहेब विचारतो ते काही वेडेपणाचं नाही. दरसाल आपण बोरं वाळवतो, उकडतो, कुटून बोरकूट करतो. वाळल्यावर त्याच्यात काय उरतं हे कोणी कधी विचारलं नाही.

यंदा पाऊस गेला तो गेलाच. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. बोरी मात्र लगडल्या आहेत. त्यांना पावसाचं काही लागत नाही.

एक बातमी आहे. पालीजवळ सरकारने दुष्काळी काम काढलं आहे, सडकेसाठी खडी फोडायचं. चारशे माणूस छावणीत राहतं. तिथला कारभार मोहनराव भाऊजींकडे आला. ते परवा आले आणि म्हणाले, "वहिनी, स्वैपाकाच्या कोठीवर भरवशाचं माणूस पाहिजे. आचारी पीठ चोरतात." मी जायचं ठरवलं. तुझे मेहुणे गेल्यापासून ह्या घरात माझ्या हाताला काम राहिलेलं नाही, तिथं राहील. जाताना वाळलेली बोरं दोन पोती नेते. माझ्या हातची आहेत. लेकरांना तेवढंच गोड.

आणि एक सांग. बोर दगडासारखं झालं, मग त्याच्यात जीव राहतो का?

अक्का

*

पाली, छावणी,
फाल्गुन वद्य ११

चिरंजीव त्रिंबक,

मधे दोन महिने पत्र झालं नाही. पहाटेपासून चुली आणि दुपारी कोठीचा हिशेब, बसायला उसंत नाही. आज लिहिते ते गरज पडली म्हणून.

छावणीत आजार आला आहे. आधी माणूस नुसतं दमतं. घण उचलत नाही, मेस्त्री आळशी म्हणून शिव्या देतो. मग हिरड्या सुजून दातांवर येतात, निळ्याकाळ्या, आणि भाकरी चावली की भाकरीला रक्त लागतं. मग नडग्यांवर काळे डाग. आज मोजले, एकवीस जण आहेत. पहिल्या पंगतीतला धुळाजी म्हणून धनगर आहे, चाळिशीचा, शेळ्या विकून बायकोच्या आधी महिनाभर इथं आला. खडी फोडण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. आता त्याला दोघं धरून उठवतात.

लोक देवीचा कोप म्हणतात. मेस्त्री म्हणतो लागट आहे. भाऊजी घाबरले आहेत. त्यांच्या मनात ह्या एकवीस जणांना ओढ्यापलीकडं पाचटाच्या झापात ठेवायचं आहे, अन्न लांबून द्यायचं. तिथं सावली नाही आणि पाणीही नाही. मी म्हटलं, "भाऊजी, मरायलाच पाठवायचं असलं तर तसं म्हना." ते म्हणाले, "वहिनी, चारशे मेले तर मला कोन इचारंल?"

तुझ्या पत्रातलं मला आठवलं. हे तेच आहे का? इथं रोज बाजरीची भाकरी आणि डाळ, दुसरं काही नाही. भाजी माघातच संपली. मी त्या सगळ्यांना वाळलेली बोरं उकळून त्याचं पाणी आणि गर देते, दिवसातून दोन वेळा. धुळाजीला ती आवडतात. आठ दिवस झाले. बरं वाटतं म्हणतो, पण उठत नाही. बोर ताजं असताना ज्याने तुझी जनावरं वाचली, ते वाळल्यावर थोडं कमी पडत असेल, म्हणून मी वाढवून देते आहे.

उलट टपाली कळव.

अक्का

*

हैदराबाद,
चैत्र शुद्ध २, शके १८४३

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

तेच आहे. तुझं पत्र मी साहेबांना उर्दूत सांगितलं. हिरड्या आणि नडगीवर आलो तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. अक्का, हा रोग लागट नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही. साहेबांनी मोहनरावांच्या नावे तसं सहीशिक्क्याचं पत्र दिलं आहे, ते सोबत आहे. एकालाही ओढ्यापलीकडं जाऊ देऊ नको.

दुसरं सांगायला जड जातं, पण लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडचा निकाल मागच्याच आठवड्यात लागला. चार जनावरांना रोज वाळलेली बोरं दिली, भिजवून, पोटभर. चारही मेली. काहीच न दिलेल्यांपेक्षा फार तर पाच दिवस जास्त जगली. चार जनावरांना बर्फातलं बोर दिलं, रोज एक. चारही जिवंत आहेत, वजन वाढतं आहे. तू विचारलं होतंस, दगड झालेल्या बोरात जीव राहतो का. राहतो. अडीच महिन्यांनीही जवळजवळ ताज्याइतका. ऊन ते मारतं, गारवा ते झोपवून ठेवतो, असं साहेब म्हणतात. मी त्याच्यात उकळण्याची भर घालतो. उकळलं की उरलंसुरलंही जातं.

वाळल्या बोरांनी पोट भरतं, अंगात साखर जाते, तेवढं खरं. पण ह्या रोगावर ती उपयोगाची नाहीत. कुठे लिंबू मिळालं, ओली भाजी मिळाली, तर ती दे. मी इकडे काही करता येतं का बघतो.

त्रिंबक

*

पाली,
चैत्र शुद्ध १०

चिरंजीव त्रिंबक,

तुझं पत्र काल सकाळी आलं. धुळाजी परवा दुपारी गेला. लघवीला म्हणून उठला आणि दोन पावलांवर खाली पडला. पाणी घालेपर्यंत संपला.

वीस दिवस मी त्याला बोरं दिली. रोज विचारत होते, "कसं हाय धुळाजी?" तो म्हणायचा, "गोड लागत्यात बाई." अखेरच्या दिवशीही वाटी चाटून खाल्ली त्याने.

साहेबांचं पत्र भाऊजींनी दोनदा वाचलं आणि झापं उभी करायचं थांबवलं. तेवढं तुझ्यामुळं झालं. आजारी आता चोवीस आहेत. लिंबं बीडच्या बाजारात पाच मिळाली, सुकलेली. ओली भाजी नाही. बिंदुसरेच्या पात्रात झरे खणून प्यायचं पाणी काढतो आहोत, भाजीला कुठून आणायचं.

बर्फातली बोरं अजून उरली आहेत का? असली तर जनावरांना कशाला, माणसांना पाठव.

अक्का

*

हैदराबाद,
चैत्र वद्य १

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

उद्याच्या गाडीने पेटी निघते. दोन पत्र्याचे डबे आहेत, प्रत्येकात आठ शेर बोरं. भोवती बर्फ, त्याच्याभोवती लाकडाचा भुसा, वर घोंगडी शिवली आहे. जालन्याला आसाराम घेईल. त्याला तारेने कळवलं आहे. रात्रंदिवस गाडी हाकून तिसऱ्या दिवशी पालीला पोचव म्हटलं आहे. शहागडला गोदावरी ओलांडताना पेटी पाण्यात बुडवू नको, हेही सांगितलं आहे. साहेबांची परवानगी आहे, त्याची काळजी नको.

पोचल्या पोचल्या वाट. एका माणसाला रोज पंधरा-वीस बोरं. उकळायची नाहीत. कोणी किती खाल्ली आणि कितव्या दिवशी हिरड्या बांधल्या ते लिहून ठेव. तू स्वतःला बोल लावू नको. हे कळायला आम्हालाही चार जनावरं मारावी लागली.

त्रिंबक

*

पाली,
वैशाख शुद्ध ४

चिरंजीव त्रिंबकला आशीर्वाद.

पेटी पोचली. आसारामने बैलांची कड मोडेपर्यंत गाडी हाकली.

आजारी माणसं उठली. चोवीसपैकी एकोणीस जणांच्या हिरड्या बांधल्या आहेत, रक्त थांबलं, डाग पिवळे पडून चालले. बाकीचे पाचही बसते झाले. नवा आजारी आठ दिवसांत एकही नाही. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, मी त्यास्नी वड्यापल्याड घातलं असतं तर जन्मभर झोपलो नसतो."

तू नीट जेवत जा. साहेबांशी नरमाईने राहा.

अक्का

*

हैदराबाद,
वैशाख शुद्ध १२

तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आता खरं सांगतो. परवानगी नव्हती. बर्फाच्या कारखान्यातले डबे अजून नऊ महिने ठेवायचे होते, वर्षभर टिकतं का ते बघायला. मी विचारलं असतं तर साहेब सरकारला लिहा म्हणाले असते आणि उत्तर येईपर्यंत पाऊस आला असता. मी चावी घेऊन गेलो आणि डबे काढले. परत आल्यावर स्वतःच जाऊन सांगितलं. साहेब रागावले नाहीत, तेच वाईट. तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलत होते. नोकरीवर ठेवायचं की नाही हे वरच्या कचेरीने ठरवायचं होतं.

मग तुझं पत्र आलं. मी ते ओळीने उर्दूत सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. म्हणाले, "चोवीसपैकी एकोणीस! त्रिंबक, हे कोणाच्याच पुस्तकात नाही." लगेच अहवाल करायला बसले. त्यात असं आहे की गोठवलेली रानबोरं साडेतीनशे मैल गेली आणि छावणीतला रोग त्यांनी थांबवला. दुष्काळी छावण्यांना लिंबं पाठवायची असं घाटत होतं. आता साहेबांचं म्हणणं, तो खर्च बर्फाच्या पेट्यांवर करावा. पुढच्या हंगामात बोरं आणि करवंदं गोठवून गेवराईला, पाटोद्याला, सगळीकडे पाठवता येतील. माझ्या चुकीबद्दल वर काही न लिहायचं त्यांनी ठरवलं आहे. अहवालात खाली माझं नाव आहे, अक्का.

अहवाल पंधरा दिवसांनी कचेरीत जाईल. त्याआधी एवढं लिहून पाठव: प्रत्येकाने किती बोरं खाल्ली, आणि डबे उघडले तेव्हा बर्फ किती उरला होता.

तुझा,
त्रिंबक

*

पाली,
वैशाख वद्य ४

चिरंजीव त्रिंबक,

हे पत्र आधी एकट्याने वाच. मग साहेबांना जसंच्या तसं सांग, माझी भीड ठेवू नको.

पेटी पोचली हे खरं. माणसं उठली हेही खरं. पण एकामुळं दुसरं झालं असं मी लिहिलं नव्हतं. तू तसं वाचावंस म्हणून मात्र दोन्ही एकाखाली एक लिहिलं, आणि मधलं सोडलं.

पेटी उघडली तेव्हा बर्फ नव्हता. गेवराईच्या पुढं आस मोडला आणि आसारामचा एक दिवस उन्हात गेला. डब्याचं झाकण काढलं तर आंबूस वाफ तोंडावर आली. बोरांचा फेसाळ चिखल झालेला, वर बुरशी. मी बोट बुडवून चाखलं आणि थुंकलं. चोवीस माणसं रांगेत वाट्या घेऊन बसली होती. मी दोन्ही डबे खड्ड्यात पुरायला लावले. त्या दिवशी मी जेवले नाही.

आसाराम तिथंच बसून होता. म्हणाला, "तारक्का, तिरंबक सोता आलता जालन्याला पेटीसंगं. पूर्ण वाट बर्फाला हात लावून बसलता म्हनला. मी म्हनलं, कावून आलास रे? तर म्हनला, चोरून आनलीय, परत गेल्यावर नोकरी ऱ्हाती का बघू." तू हे मला लिहिलं नव्हतंस. म्हणून मीही पेटीचं लिहिलं नाही. वाटलं, भावाच्या हातात साहेबाला दाखवायला काहीतरी असू दे. अहवाल होईल, लिंबं थांबतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता माणसं कशाने उठली ते सांगते.

धुळाजीची बायको कडूबाई. तेरावं झाल्यावर ती कामावर परत आली. डबे पुरले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती भाकरी घ्यायला आली आणि काहीतरी बोलताना हसली. मला तिचे दात दिसले. हिरड्या गुलाबी, लहान पोरीसारख्या. दोन महिने तीच भाकरी, तीच डाळ, तेच पाणी. मी तिला चुलीपाशी बसवलं आणि विचारलं, "कडूबाई, तू आमच्याशिवाय दुसरं काय खातीस?"

"काय खानार बाई? तुमी वाढता तेच."

"तोंडात काय हाय मग?"

तिने जीभ बाहेर काढली. त्यावर तपकिरी चकती. "आवळकाठी हाय. आमी जितराबामागं जाताना गालात धरतो. तान लागत न्हाई. खडी फोडतानाबी धरते."

आवळकाठी, त्रिंबक. आपण केसांना लावतो ती. डोंगरात माघात आवळे काढायचे, चकत्या करून सावलीत वाळवायच्या आणि बीडच्या काष्ठौषधीवाल्याला विकायच्या, हा तिच्या माहेरचा धंदा. ती म्हणाली उन्हात वाळवली तर काळी पडून कडू होते, म्हणून सावलीतच.

माझा वाळलेल्या फळावरचा विश्वास उडाला होता. तरी पण तिच्या हिरड्या माझ्यासमोर होत्या. तिच्या पिशवीतली मूठभर निघाली, ती मी सहा जणांना दिली, दिवसाला तीन चकत्या. पाचव्या दिवशी सहाही जणांचं रक्त थांबलं. मी भाऊजींना बोलावून दाखवलं. त्यांनी त्याच दुपारी घोडं काढलं, बीडच्या दुकानांतली होती नव्हती ती आवळकाठी आणली, आणि कडूबाईच्या भावाकडून दोन पोती. पुढचं तुला ठाऊक आहे.

सोबत चार शेर पाठवते आहे. तुझ्या जनावरांना चार. माझ्या डोळ्यांवर साहेबांनी विश्वास ठेवायचं कारण नाही, त्यांनी स्वतः बघावं. पण तोवर लिंबं थांबवू नका. अहवालातलं आमचं वाक्य काढून टाका.

कडूबाईला मी अजून एक गोष्ट सांगितलेली नाही. ती काय ते तुला कळेल. तिची पिशवी आणि धुळाजी एकाच पालाखाली होते.

अक्का

*

हैदराबाद,
ज्येष्ठ शुद्ध ५

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा अहवालाच्या तिन्ही प्रती तयार होत्या, कचेरीत जायला दोन दिवस होते. मी एक दिवस पत्र खिशात घेऊन हिंडलो, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या समोर उभा राहून सगळं सांगितलं. बर्फ वितळलेला, बोरं पुरलेली, तू मधलं सोडलेलं, मी न विचारता साहेबांना आनंदाने सांगितलेलं. साहेबांनी तिन्ही प्रती माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "काट दो. अपने हाथ से." मी ते पान काढलं. त्याच पानावर माझं नाव होतं, तेही गेलं.

लिंबांची पहिली खेप परवा निघाली. तुमच्याकडे येईल.

चावीचं साहेबांनी वर कळवलं. नोकरी राहिली, पण प्रयोगाच्या खोलीतून मला काढलं. पुन्हा औषधं कुटायला बसलो आहे. मला त्याचं फार वाईट वाटत नाही असं लिहिणार होतो, पण आता तुझ्यापाशी खरंच लिहायचं ठरवलं आहे. वाटतं.

तरी साहेब काल खाली आले आणि मला वर घेऊन गेले. चार आजारी जनावरांना त्यांनी आवळकाठी भिजवून दिली होती. सुजलेला पाय वर धरून बसलेली जनावरं आठव्या दिवशी पिंजऱ्यात पळत होती. साहेब म्हणाले, बोराच्या बाबतीत जे ऊन मारतं ते आवळ्याच्या बाबतीत का मारत नाही, हे त्यांना माहीत नाही, आणि कदाचित बरीच वर्षं कळणार नाही. बर्फातलं बोर खोटं ठरलेलं नाही. डबा बर्फात असेतोवर ते ताज्यासारखंच असतं. पण बीडला बर्फ नाही.

त्यांना त्या बाईचं नाव हवं आहे, अहवालात घालायला. तिला विचार. आणि जी गोष्ट तिला सांगितली नाहीस म्हणतेस, ती सांगायची की नाही हे मला ठरवता येत नाही.

त्रिंबक

*

पाली,
ज्येष्ठ वद्य २

चिरंजीव त्रिंबकला अक्काचा आशीर्वाद.

लिंबं आली. एक दिवसाआड देते आहे. मृग कोरडाच चालला होता, पण आर्द्रा लागायच्या आत दोन सरी झाल्या. छावणी अजून महिनाभर चालेल. गेवराईकडून आलेल्या लोकांत नवे नऊ आजारी आहेत.

कडूबाईला सांगितलं. नाव विचारायचं होतं, आणि नाव का पाहिजे हे सांगताना बाकीचं लपवणं मला जमलं नाही. दुपारच्या सुटीत दोघी कोठीच्या सावलीला बसलो होतो. मी म्हटलं, "कडूबाई, तुझ्या पिशवीत होतं त्याने धुळाजी वाचला असता. आणि मी त्याला जे देत होते त्याने काही होणार नव्हतं."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मी दिलतं त्यास्नी."

मी विचारलं, "कधी?"

"आल्या आल्या दिलतं. गालात धरा म्हनलं. धरलं आन् थुकलं. हिरड्यास्नी आग व्हती म्हनले, तोंड फाटल्यावानी व्हतंय. दुसऱ्या दिशी परत दिलतं तर माझ्यावर हात उगारला. मग मी मागं लागले न्हाई. तुमची गोड बोरं खात व्हते, म्हनलं खाऊ द्या, बाईंनी दिल्यात म्हंजे चांगलीच असतील."

तिनेच पुन्हा म्हटलं, "मला ठावं व्हतं का बाई त्याच्यात काय हाय ते? मी तर तानंसाठी धरीत व्हते." आणि मग, "तुमास्नी तरी कुठं ठावं व्हतं."

त्यानंतर आम्ही दोघी उठलो, चूल पेटायची वेळ झाली होती.

नाव घाला म्हणाली. कडूबाई धुळाजी, असं घाला. नवऱ्याचं नाव सुटायला नको म्हणाली, आणि साहेबांना सांगायला लावलं की उन्हात वाळवू नका, लोक चूक करतील.

आता नव्या नऊ जणांना आवळकाठी द्यायचं काम तिने मागून घेतलं आहे. मी नुसती मोजून देते. ती एकेकापुढं बसते, चकती स्वतः त्याच्या गालात ठेवते आणि विरघळेपर्यंत उठत नाही. काल एक दांडगा गडी ओरडला, आग होते म्हणाला, तोंड फिरवलं. कडूबाईने त्याची हनुवटी धरली, तिच्यापेक्षा हातभर उंच माणूस, आणि म्हणाली, "व्हऊ दे आग. थुकायचं न्हाई." तो थुंकला नाही. ती कोणालाच थुंकू देत नाही.

अक्का